सोयाबीनचा भाव कोण ठरवते?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितले, "पंधरा मिनिटे बोल. तुझ्या विषयावर बोल, पण आम्हाला समजेल असे बोल." तिसरी अट सगळ्यात कठीण आहे. पस्तीस वर्षे पुण्यात अर्थशास्त्र शिकवून २०२२ मध्ये निवृत्त झालो, तरी ती अट मला रोज पाळता आली, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आज बोलायला उभा राहिलो, त्याला एक कारण आहे. सात वर्षांपूर्वी, २०१८ च्या मेळाव्यात, जेवणाच्या पंगतीत शेवटच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राने मला विचारले होते, "काहून रे, एवढं शिकला तू, मंग सांग, आमच्या सोयाबीनचा भाव कोण ठरवते?" मी काहीतरी बोललो. मागणी, पुरवठा, शिकागोचा बाजार, डॉलर. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे तुलेबी माहीत नाही." सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य सात वर्षे माझ्या मनातून गेले नाही. तो मित्र आज समोर बसला आहे. त्याचे उत्तर देणे बाकी आहे, म्हणून हे भाषण.

उत्तर मी माझ्या हुशारीने देणार नाही. ज्या माणसाची पुस्तके मी आयुष्यभर वाचली आणि शिकवली, त्यांच्या कामातून देणार आहे. त्यांचे नाव अविनाश कमलाकर दीक्षित. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आर्थिक वाढ या विषयांत जगभर ज्यांचे नाव घेतले जाते, असे अर्थशास्त्रज्ञ. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. पुण्यात एम.ए.ला असताना, १९८४ च्या सुमारास, ग्रंथालयात एका इंग्रजी पुस्तकावर 'दीक्षित' हे नाव दिसले आणि मी ते केवळ नावासाठी उचलले. आत पाहिले तर पानोपान गणित. मला आपले गणिताचे सर आठवले. सर आज आपल्यात आहेत. उत्तर बरोबर असले आणि पडताळा लिहिला नाही, तर सर एक गुण कापत असत. त्या भीतीने मी गणित शिकलो, आणि त्या गणिताच्या जोरावर ते पुस्तक अर्धेमुर्धे वाचू शकलो.

दीक्षित यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४४ चा, मुंबईचा. सेंट झेवियर्स कॉलेजातून १९६३ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. तिथून केंब्रिजला गेले आणि १९६५ मध्ये पुन्हा गणिताचीच पदवी घेतली. म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत पदवी अर्थशास्त्राची नव्हतीच. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले आणि १९६८ साली अर्थशास्त्रात पीएच.डी. झाले. त्यांचे मार्गदर्शक होते रॉबर्ट सोलो. देशाची अर्थव्यवस्था कशाने वाढते, त्यात भांडवलाचा वाटा किती आणि तंत्रज्ञानाचा किती, हा हिशेब मांडणारे सोलो. त्यांना १९८७ मध्ये नोबेल मिळाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या तरुणाने सुरुवातीला जो विषय घेतला, तो आपला होता. १९६८ साली त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला, ज्या देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्या देशाने विकास कसा साधावा, यावर. गावात पाच भाऊ आणि जमीन आठ एकर. दोघे कारखान्यात गेले तर शेतीचे उत्पन्न फारसे घटत नाही. पण त्या दोघांना शहरात खायला धान्य लागते, ते गावातूनच यायचे असते. शेतीचे उत्पन्न वाढले नाही, तर कारखान्याची वाढही अडते. हा आपल्या घरोघरचा प्रश्न आहे. आपल्या वर्गातले किती जण पुणे, औरंगाबाद, सुरतेला गेले आणि किती जण मागे शेतीवर राहिले, ते आज हात वर करायला सांगितले तर लगेच दिसेल.

नंतर त्यांनी बर्कली, ऑक्सफर्ड, वॉरिक अशा ठिकाणी शिकवले. १९७६ मध्ये आर्थिक वाढीच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिले. आणि १९७७ साली जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर एक लेख लिहिला, ज्याने या विषयाची दिशा बदलली. तो लेख काय आहे, हे बिस्किटाच्या उदाहरणाने सांगतो.

आपण शाळेत होतो तेव्हा मधल्या सुट्टीत समोरच्या दुकानात बिस्किटाचे प्रकार किती होते? एक, फार तर दोन. आज त्याच रस्त्यावरच्या दुकानात चाळीस आहेत. कारण काय? बिस्किटाचा प्रत्येक नवा प्रकार काढायचा, तर आधी साचा, यंत्र, जाहिरात असा एक ठरावीक खर्च येतो. पुडा एक विका की लाख विका, तो खर्च होणारच. म्हणून गिऱ्हाईक थोडे असेल तर प्रकारही थोडेच राहतात. गिऱ्हाईक वाढले की जास्त प्रकार परवडतात. लोकांना विविधता आवडते, पण विविधतेला मोठा बाजार लागतो. एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट गणितात बसत नव्हती. एकतर हजारो सारखे विक्रेते, नाहीतर एकटा मक्तेदार, या दोन टोकांचे हिशेब अर्थशास्त्राला चांगले जमत होते. मधल्या बाजाराचा, म्हणजे आपण रोज पाहतो त्या बाजाराचा सोपा हिशेब दीक्षित आणि स्टिग्लिट्झ यांनी मांडून दिला.

त्याचा उपयोग दुसऱ्यांनी करून घेतला. त्याआधी व्यापाराचा सिद्धांत सांगत असे, की इंग्लंडने कापड करावे, पोर्तुगालने दारू करावी आणि अदलाबदल करावी. हे रिकार्डोने १८१७ साली सांगितले होते. पण विसाव्या शतकात दिसत होते वेगळेच. जर्मनी फ्रान्सला मोटारी विकतो आणि फ्रान्स जर्मनीला मोटारीच विकतो. हे कशासाठी? पॉल क्रुगमन यांनी १९७९ आणि १९८० साली लिहिलेल्या लेखांत याचे उत्तर दिले. दोन देशांचे बाजार जोडले गेले की प्रत्येक कारखाना मोठा होतो, माल स्वस्त पडतो आणि लोकांना प्रकारही जास्त मिळतात. १९८० च्या लेखातला हिशेब थेट दीक्षित-स्टिग्लिट्झ यांचा आहे. पुढे १९९० मध्ये पॉल रोमर यांनी याच मांडणीवरून दाखवले, की नव्या कल्पना, नवी यंत्रे, नवे प्रकार यांतूनच अर्थव्यवस्था वाढत राहते. स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले, क्रुगमन यांना २००८ मध्ये, रोमर यांना २०१८ मध्ये. दीक्षित यांना मिळालेले नाही. २००८ साली ते अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि २०१६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. पण माझ्या मते त्यांचा खरा मान वेगळा आहे. वर्गात फळ्यावर व्यापाराचा किंवा वाढीचा कोणताही नवा सिद्धांत मांडायला घेतला, की पहिल्या ओळीत त्यांची मांडणी येते. पाया दिसत नाही, पण भिंत त्याच्यावरच उभी असते.

मला ग्रंथालयात सापडलेले पुस्तक म्हणजे १९८० चे, दीक्षित आणि नॉर्वेचे व्हिक्टर नॉर्मन यांनी मिळून लिहिलेले आंतरराष्ट्रीय व्यापाराचे पुस्तक. त्यात एक मुद्दा आहे, आणि आपल्या मित्राच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

व्यापार खुला केला की देशाचा एकूण फायदा होतो, हे अर्थशास्त्रज्ञ दोनशे वर्षे सांगत आले. पण एकूण म्हणजे कोणाचा? बाहेरचे तेल स्वस्त आले तर पुण्यात माझ्या घरचा किराणा स्वस्त होतो, आणि इथे तुमच्या सोयाबीनचा भाव पडतो. जुने उत्तर असे होते, की ज्यांचा फायदा झाला त्यांच्याकडून घेऊन ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई द्यावी. आता ही भरपाई प्रत्येकाला मोजून कोण देणार? कोणाचे किती नुकसान झाले, हे सरकारला कळणार कसे? दीक्षित आणि नॉर्मन यांनी दाखवले, की माणूस-माणूस मोजायची गरज नाही. वस्तूंवरचे कर नीट बसवले, तर कोणीही पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत जाणार नाही आणि तरी फायदा शिल्लक राहील, असे करता येते. १९८६ मध्ये त्यांनी हे पुन्हा एका लेखात मांडले.

मी हे पंचवीस वर्षे शिकवले. 'करता येते' हा शब्द फळ्यावर लिहिला, खाली रेघ मारली आणि पुढच्या धड्याकडे गेलो. करता येते, पण केले जाते का, हे मी मुलांना कधी विचारले नाही. सरांच्या भाषेत सांगायचे तर मी पडताळा लिहिला नाही.

पडताळा २०२१ साली वाशीमच्या बाजार समितीत झाला. तुम्हाला आठवत असेल, त्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात विकायला पोते नव्हते, नवे पीक शेतात उभे होते. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबडीपालन करणाऱ्यांना खाद्य महाग पडत होते, त्यांचीही अडचण खरी होती. पण तुमचे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. त्या निर्णयाचा फायदा कोणाला, तोटा कोणाला, हे स्पष्ट होते. त्या फायद्यातून काही तुमच्याकडे वळवण्याची व्यवस्था त्या निर्णयाबरोबर आली नाही. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले जात होते. त्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले, पुढच्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचे पुन्हा कमी केले.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. इथे मला माझ्या बाबांबद्दल थोडे बोलावे लागेल. तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिले आहे.

१९७२ चा दुष्काळ आपण सगळ्यांनी पाहिला. तो संपल्यावर गावात विहिरींची लाट आली. कर्ज मिळत होते, पाणाड्ये फिरत होते, सुरुंगांचे आवाज शाळेपर्यंत येत. आमच्या शेजारच्या दोघांनी १९७३ मध्येच विहिरी खोदल्या. बाबा थांबले. एक वर्ष, दोन वर्षे. लोक त्यांना भित्रा म्हणत. वर्गातही कोणीतरी मला एकदा चिडवले, "तुह्या बापाले पाण्याचं भेव वाटते." मी घरी येऊन बाबांशी भांडलो. ते एवढेच म्हणाले, "एकदा खंदली का इहीर मांगं घेता येत नाही, बापू."

शेजारच्या दोघांपैकी एकाला पाणी लागले. त्याने दोन वर्षे गहू आणि भुईमूग घेतला, घर बांधले. दुसऱ्याच्या विहिरीत काळा पाषाण लागला. पाणी नाही आणि कर्ज तसेच. त्याला दोन एकर विकावे लागले. बाबांनी १९७५ मध्ये, पहिल्याच्या विहिरीची रेघ धरून, नाल्याच्या अंगाला खोदली. पाणी लागले. त्या विहिरीच्या पाण्यावर माझे कॉलेज झाले. पण मी मनातून त्यांना भित्राच समजत राहिलो. आपली दोन वर्षे त्यांनी फुकट घालवली, असे मला वाटत राहिले. १९८९ मध्ये ते गेले.

१९९४ मध्ये दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांचे अनिश्चिततेत गुंतवणूक कशी करावी, या विषयावरचे पुस्तक आले. मी ते दोन-तीन वर्षांनी वाचले. त्याच्या सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगितल्या आहेत. गुंतवणूक केली की खर्च परत घेता येत नाही. पुढे काय होईल ते माहीत नाही. आणि निर्णय पुढे ढकलणे आपल्या हातात आहे. या तिन्ही गोष्टी असतील तर थांबण्यालाही किंमत असते. थांबल्याने माहिती मिळते. म्हणून शहाणा माणूस फायदा खर्चाएवढा दिसला म्हणून उडी मारत नाही, तो बराच जास्त दिसेपर्यंत थांबतो. मी ते पान वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. खंदलेली विहीर मांगं घेता येत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होते ते पाहू, आणि आपली जागा कुठे जात नाही. बाबांनी तिन्ही गोष्टी हिशेबात धरल्या होत्या. त्यांना सांगायला मी सात-आठ वर्षे उशीर केला होता.

थांबणे नेहमीच बरोबर, असे मात्र पुस्तक म्हणत नाही. दोन वर्षांचा गहू आमचाही बुडाला, हे खरेच आहे. आणखी एक गोष्ट मला नंतर समजली. बाबा थांबू शकले, कारण आजीने जपून ठेवलेली ज्वारी घरात होती. ज्याच्या घरात काहीच नसते, त्याला थांबता येत नाही. दिवाळीच्या आधी सोयाबीन काढून, ओले असले तरी अडत्याकडे नेणाऱ्या माणसाला भाव वाढणार की नाही हे कळत नसते, असे नाही. त्याला मुलीची फी, दुकानाची उधारी आणि मजुरी त्याच आठवड्यात द्यायची असते. थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखीच असते, पण थांबण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते. म्हणून बाजार समितीतली शेतमाल तारण योजना, गोदाम, पावतीवर कर्ज, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी मला आता फार मोलाच्या वाटतात. त्या गरिबाला थांबण्याची ऐपत देतात.

याच विचाराची दुसरी बाजू दीक्षित यांनी १९८९ च्या लेखांत मांडली होती. जी गोष्ट सुरू करायला खर्च लागतो, ती एकदा बंद पडली की पूर्वीचा भाव परत आला तरी ती परत सुरू होत नाही. आपल्या भागातल्या जिनिंग आठवा. आपण लहान असताना कापसाचा भाव कोण ठरवते, याचे उत्तर सोपे होते. १९७२ पासून राज्य सरकारची एकाधिकार खरेदी होती, सरकार भाव जाहीर करायचे. पुढे ते गेले. काही जिनिंग बंद पडल्या. नंतर कापसाला चांगले भाव आले, ते भोंगे पुन्हा वाजले नाहीत. यंत्रे भंगारात गेली होती, माणसे सुरतेला गेली होती. म्हणून आयातीचा निर्णय घेणाऱ्याने 'दोन महिन्यांपुरता' म्हटले, तरी त्याचा परिणाम दोन महिन्यांत संपतोच असे नाही.

तर मित्रा, आता तुझे उत्तर. नीट ऐक, यावेळी मी शिकागोपासून सुरुवात करणार नाही.

तुझ्या सोयाबीनचा भाव तीन ठिकाणी ठरतो. पहिले ठिकाण ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका. तिथले पीक अफाट आहे आणि आपला देश अर्ध्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. ते ना तुझ्या हातात आहे, ना दिल्लीच्या. दुसरे ठिकाण दिल्ली. बाहेरचा भाव आपल्या बाजारात किती शिरू द्यायचा, हे तिथल्या शुल्काने ठरते. शुल्क कमी ठेवावे की जास्त, यावर माझ्यासारख्यांचे मतभेद राहतील. पण ते पेरणीनंतर अचानक बदलू नये, यावर मतभेद व्हायला नको. दर दोन महिन्यांनी नियम बदलला, तर शहाणा शेतकरी काय करेल? बाबांनी केले तेच करेल. थांबेल. गोदाम बांधणार नाही, ठिबक घालणार नाही, प्रक्रियेचा कारखाना काढणार नाही. आणि मग आपणच म्हणू, की वऱ्हाडातला शेतकरी धाडस करत नाही. तिसरे ठिकाण तुझे घर. तुला काढणीच्या आठवड्यातच विकावे लागते, की दोन-तीन महिने थांबता येते, यावर तुझ्या हातात पडणारा भाव ठरतो. या तिसऱ्या ठिकाणी आपण काहीतरी करू शकतो. या मेळाव्यातून जमलेल्या पैशांतून शाळेला रंग द्यायचा, असे ठरत आहे. रंग जरूर देऊ. पण आपल्यात बँकेत राहिलेले दोघे आहेत, बाजार समितीचे काम जाणणारे एक जण आहेत. त्यांनी आणि मी मिळून दर वर्षी सप्टेंबरात, काढणीच्या आधी, तारण कर्जाचे कागद कसे करायचे हे गावोगावी समजावून सांगितले, तर ते तुला चालेल का, ते सांग. मी पुण्याहून येईन. बस रात्रीची मिळते.

दीक्षित यांनी आपल्या कामाची पद्धत सांगणारा एक लेख लिहिला आहे. त्याच्या शीर्षकातच त्यांनी गमतीने म्हटले आहे, की माझी काही पद्धत नाही. मला ते खरे वाटत नाही. गणितातून आले, वाढीवर लिहिले, व्यापारावर लिहिले, गुंतवणुकीवर, डावपेचांवर, कायदा नसलेल्या ठिकाणी व्यवहार कसे चालतात यावर लिहिले. पण प्रत्येक ठिकाणी हिशेब स्वच्छ मांडला आणि तो दुसऱ्याला वापरता येईल असा ठेवला. ही पद्धतच आहे.

माझ्याकडून त्यातले थोडेच झाले. मी हिशेब शिकवला. पडताळा राहिला होता. सर, तो एक गुण कापलेला आहे, हे मला मान्य आहे. अजून पेपर जमा केलेला नाही, एवढेच सांगतो.